वाचल्याशिवाय सही नाही

त्या दिवशी मी वर्गात उभी होते. आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन शिकणारी तिसऱ्या वर्षाची मुलं समोर बसलेली, आणि विषय होता उन्हाळ्यात कंपन्यांमध्ये जाऊन करायच्या कामाचा, म्हणजे आमच्याकडे सगळे जिला नुसतं ‘इंटर्नशिप’ म्हणतात तिचा. कंपनीकडून येणाऱ्या अहवालावर पुढचं सगळं कसं अवलंबून असतं, हे मी मोठ्या तोऱ्यात सांगत होते. टेबलावरचा फोन थरथरला आणि नाव आलं, कुमुदताई. दोन वर्षांनी. मी फोन उलटा करून ठेवला. पुन्हा थरथरला तेव्हा त्याच्यावर हजेरीचं रजिस्टर ठेवलं. मला वाटलं, ताईंचा धीर आता संपला, आता त्या विचारणार, आणि मला उत्तर द्यावं लागणार... तास संपवून, चहा पिऊन, तोंडावर पाणी मारून मी परत फोन लावला. काय बोलायचं ते मनाशी जुळवूनही ठेवलं होतं. पलीकडून पुरुषाचा आवाज आला. “मी शिरीष बोलतोय, ताईंचा भाचा. आत्या गेली... सकाळी. तिच्या फोनमधून सगळ्यांना कळवतो आहे.” मला रडू आलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि ते वाटल्याची लाज आजही गेलेली नाही.

कुमुदताई ग्वाल्हेरच्या दौलतगंजात, दगडाची निर्यात करणाऱ्या एका फर्मच्या कचेरीत चाळीस वर्षं कागद सांभाळत होत्या. शहराच्या आसपास फिकट रंगाचा वाळूचा दगड निघतो. त्याच्या फरश्या कापून, लाकडी पेट्यांत भरून त्या युरोपातल्या लोकांच्या बागांत अंथरायला जातात. दगड शहराबाहेरच्या यार्डातून निघतो, पण त्याचे कागद निघायचे ताईंच्या टेबलावरून: बिल, पेट्यांची यादी, बंदराचे फॉर्म. मालक गेले, मालकांचा मुलगा आला, फॅक्स गेला, ईमेल आला, ताई तिथेच राहिल्या. लग्न केलं नाही. का, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. कचेरीच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्यांत राहायच्या, आणि दुपारी एकला जेवायला घरी जाऊन दीडच्या ठोक्याला परत खुर्चीत असायच्या.

त्यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले ती विद्यार्थिनी म्हणून. तेव्हा हा अभ्यासक्रम आमच्या शहरात नवा होता आणि नावात ‘आंतरराष्ट्रीय’ असल्यामुळे घरात त्याचं फार कौतुक. मैत्रिणींना गुडगावच्या, नोएडाच्या कंपन्या मिळाल्या. मला मिळालं दौलतगंज. मी दोन दिवस रडले. बाबा म्हणाले, “अगं, आपण गोरखीला राहतो. तुझं आंतरराष्ट्रीय तर पायी पंधरा मिनिटांवर आहे!” जिना चढून गेले तर भिंतीला टेकलेलं एक मोठं टेबल, कूलरचा घरघराट, आणि कॉटनची कडक साडी नेसलेल्या, चष्मा नाकावर घसरलेल्या ताई. आडनाव ऐकून म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही दरबारातले कलमवाले. आम्ही फौजेतले. पण बघ, आता कलम माझ्याजवळ आहे. बैस.” आणि एक स्टूल पुढे सरकवलं.

पहिला आठवडा मी फक्त वाचत होते. ताईंचा नियमच होता की मोठ्याने वाचल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही नाही. एकाने प्रत हातात घेऊन वाचायचं, ताईंनी दुसऱ्या प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. पेटी क्रमांक एक, फरशीची लांबी, रुंदी, जाडी, नग. पेटी क्रमांक दोन... शब्द खाल्ला की त्यांचं बोट थांबायचं. “हळू. गाडी नाही सुटून राहिली आहे तुझी.” सगळं जुळलं की वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची बारीक खूण, आणि मग पेनाने सही. मला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. घरी मी त्यांच्या आवाजाची नक्कल करून दाखवायचे आणि आई पदर तोंडाला लावून हसायची.

तिसऱ्या आठवड्यात ताई एका लग्नाला दिवसभर झाशीला गेल्या असताना मी एक यादी एकटीने, न वाचता पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत बघितली. दोन पेट्या मी यादीत धरल्याच नव्हत्या. मी गप्प बसले. तो दिवस गेला, पुढच्या दिवसाची सकाळ गेली. बंदरावरून फोन आला की कंटेनर अडकला आहे, यादी जुळत नाही. तरी मी समोरच्या टायपिस्टकडे बघत राहिले, जणू चूक त्यांचीच असावी. शेवटी दुपारी दीड वाजता ताई जेवून परत आल्या तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “ताई, ते माझ्याकडून झालं.” त्यांनी चष्मा वर केला. “जेवून घेतलंस?” नाही म्हटलं. “मग आधी जेव. मग पत्र लिहू.” पत्रात मी लिहिलं की प्रशिक्षणार्थीकडून चूक झाली. त्यांनी ते खोडून लिहिलं, चूक आमच्या कचेरीची. मला वाचायला लावलं, खूण केली, सही केली. पुन्हा तो विषय निघाला नाही. शेवटच्या दिवशी माझ्यावरचा अहवाल त्यांनी पाकिटात घालून, डिंकाने चिकटवून दिला. मी जरा लाडात येऊन विचारलं, काय लिहिलंत? “ते तुझ्यासाठी नाही आहे. तुझ्या सरांसाठी आहे.”

पुढे मी त्याच विभागात शिकवायला लागले आणि मुलांना कामाला पाठवायची जबाबदारी माझ्याकडे आली. दर मे महिन्यात दोन-तीन मुलं मी ताईंकडे पाठवायचे. ती सगळी नाकं मुरडत जायची. एक मुलगा म्हणाला, “मैडम, मुझे स्ट्रैटेजी में काम करना है.” ताई म्हणाल्या, “पहले स्टेपलर ढूँढो, सुबह से नहीं मिल रहा. स्ट्रैटेजी कहीं नहीं जा रही.” मुली रडायच्याही, कारण ताईंची जीभ तिखट होती आणि शाबासकी द्यायला त्यांना फार जड जायचं. त्या काही देवमाणूस नव्हत्या. एकदा मनातून उतरलेला माणूस त्यांच्या मनात परत चढत नसे, आणि आपल्या इंग्रजी अक्षराचा त्यांना इतका गर्व होता की दुसऱ्याच्या अक्षराची खोड त्या त्याच्या तोंडावर काढायच्या. पण थंडीत कुणी विद्यार्थी परदेशी निघाला की गजकचा, म्हणजे तीळगुळाच्या कुरकुरीत वड्यांचा, डबा घेऊन त्याच्या घरी हजर. “तिथे विचारतील ग्वाल्हेरात काय मिळतं. दगड दाखवशील का त्यांना? हे दे.”

आणि मुलांवरचे त्यांचे अहवाल... इतरांचे अहवाल दोन ओळींचे यायचे, मेहनती, मनमिळाऊ, उज्ज्वल भवितव्य. ताईंचा पाठपोट लिहिलेला कागद यायचा. इंग्रजीत लिहायच्या, पण मराठीत विचार करून. ‘ही मुलगी दुसऱ्याचं ऐकते, पण स्वतःचं मत विचारलं की छताकडे बघते. तिला मत विचारत जा.’ ‘हा उशिरा येतो, पण आल्यावर उठत नाही.’ विभागात आम्ही ते कागद हसत हसत वाचायचो, आणि त्या मुलांना आमच्यापेक्षा त्या जास्त ओळखतात हे मनातून सगळ्यांना कळायचं.

मग फॉर्म आला. अहवाल आता ऑनलाइन भरायचा, पाच चौकोन, प्रत्येकाला पाचपैकी गुण, आणि खाली शेरा दोन ओळींचा. सरासरी चारच्या खाली गेली की त्या विद्यार्थ्याला परदेशातल्या कामासाठी अर्ज करता येणार नाही. किती मुलं परदेशी गेली, ते आमच्या जाहिरातीत छापलं जाणार होतं. ताईंना त्या पडद्यावर लिहायला जमेना. त्या म्हणाल्या, “मी कागद लिहून देते, तू भरून टाक. समोर ठेवून भर.” सोयीसाठी त्यांची सही मी एकदा स्कॅन करून घेतली. त्यांनीच दिली, माझ्यावर विश्वास होता म्हणून. पहिल्या वर्षी मी तिनाचे चार केले, एका चांगल्या मुलीसाठी. खरंच चांगली होती ती. दुसऱ्या वर्षी शेरेही ‘जरा गोड’ केले. चौथ्या वर्षापर्यंत मी त्यांचा कागद समोर ठेवतही नव्हते. त्यांची सही माझ्या कॉम्प्युटरमध्ये होती, दोन बटणं दाबली की उमटायची. आजकाल सगळेच असं करतात, हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलं होतं की ते मला पाठ झालं होतं.

त्या चौथ्या वर्षी प्रखर नावाचा मुलगा होता. हुशार, चटपटीत, हसरा. ताईंनी त्याच्याबद्दल लिहिलं होतं, ‘माहीत नसलेल्या गोष्टीला हो म्हणतो. आपल्या कामात हे धोक्याचं आहे. अजून एक वर्ष इथेच कुणाच्या तरी शेजारी बसवा, मग पाठवा.’ मी लिहिलं, ‘आत्मविश्वासू. परदेशातील कामासाठी पूर्ण तयार.’ खाली ताईंची सही उमटवली. त्याला बेल्जियमच्या बंदरावर माल हाताळणाऱ्या एका कंपनीत सहा महिन्यांचं काम मिळालं. त्याच्या आईने गल्लीभर पेढे वाटले, मलाही आणून दिले. सहाव्या आठवड्यात तो परत आला. फळांच्या एका कंटेनरचे कागद पोचले आहेत का, असं कुणीतरी विचारलं आणि तो हो म्हणाला. कुठे बघायचं ते त्याला माहीतच नव्हतं, आणि माहीत नाही म्हणायची लाज वाटली. कागद पोचले नव्हते. माल यार्डात सडला. कंपनीने त्याला घरी पाठवलं, विद्यापीठाने त्याच्या गुणपत्रिकेत ‘कार्यानुभव अपूर्ण’ असं छापलं.

तो माझ्याकडे आला नाही. अहवालाची प्रत घेऊन ताईंकडे गेला. “मैडम, आपने तो लिखा था कि मैं तैयार हूँ.” हे मला ताईंनीच सांगितलं. त्यांनी मला कचेरीत बोलावलं, त्याच स्टुलावर बसवलं आणि तो छापील कागद पुढे केला. “वाच. मोठ्याने.” मी वाचलं. “सही कुणाची आहे?” मी म्हटलं, तुमची. “मी केली का?” मी फॉर्मचं सांगायला लागले, चौकोनांचं, सरासरीचं, वरून येणाऱ्या दबावाचं. त्यांनी ऐकून घेतलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. “मी त्याला सांगितलं, बेटा, गलती माझी आहे,” त्या म्हणाल्या. “त्याच्यासमोर तुझं नाव कसं घेणार? तू त्याची टीचर आहेस. आता तू स्वतः जाऊन त्याला सांगून ये, कुणाची होती ते.” मी हो म्हटलं. आज लिहिताना लक्षात येतं, मीही तेव्हा नुसतं हो म्हटलं होतं.

मी गेले नाही. आधी परीक्षा होत्या. मग वाटलं, त्याच्या मनावरची खपली कशाला काढायची? पुढच्या मे महिन्यात मी काही झालंच नाही अशा आवाजात फोन केला, “ताई, मुलं पाठवू ना?” त्या म्हणाल्या, “पाठव ना. त्याला सांगून झालं की पाठव.” मी फोन ठेवला आणि विभागात सांगितलं की त्या फर्मने मुलं घेणं बंद केलं आहे. एका खोट्यावर दुसरं. सराफ्यात जायचं असलं तरी मी दौलतगंज टाळून, बाड्याच्या चौकावरून वळसा घालून जायला लागले. नवऱ्याने एकदा विचारलंही, हा कुठला नवा रस्ता? मी म्हटलं, तिकडे फार गर्दी असते. दोन वर्षं मी एका म्हाताऱ्या बाईला घाबरून वळसे घालत होते, आणि त्या रोज दीडच्या ठोक्याला खुर्चीत येऊन बसत होत्या.

तेराव्याला मी त्यांच्या घरी गेले. खोलीत पंधरा-वीस माणसं असतील, फर्मचे लोक, शेजारी, काही जुने विद्यार्थी. कोपऱ्यात प्रखर बसलेला दिसला आणि मी दारातच थांबले. शिरीषने ओळख करून दिली, हा गेली दोन वर्षं आत्याच्या कचेरीत, तिच्याच हाताखाली. मला हे माहीतच नव्हतं. परत आल्यावर महिन्याभरात ताईंनी त्याला बोलावून घेतलं होतं, “कल से आ जाओ.” जे त्यांनी कागदावर लिहिलं होतं, तेच त्यांनी स्वतः केलं होतं. त्याला कुणाच्या तरी शेजारी बसवलं होतं, आपल्याच. कुणीतरी ताईंबद्दल बोलायला सांगितलं तेव्हा तो उठला, डोळे पुसले आणि म्हणाला, “मैडम से पूरी ज़िंदगी में एक ही गलती हुई थी, मेरे मामले में. और उन्होंने खुद मान ली. इतने बड़े लोग कहाँ मानते हैं...” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. तोंड उघडायला ती वेळ होती, ती जागा होती, समोर ताईंचा हार घातलेला फोटो होता. मी प्रसादाची वाटी हातात धरून बसून राहिले.

निघताना शिरीषने एक फाईल दिली. “तुमच्या युनिव्हर्सिटीची दिसते आहे. आमच्या काय कामाची?” ती आठवडाभर आमच्या कपाटावर होती. नवऱ्याने दोनदा विचारलं, कसली आहे गं? एका रविवारी उघडली. ताईंनी लिहिलेल्या प्रत्येक अहवालाची प्रत त्यांनी वर्षांप्रमाणे लावून ठेवली होती. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीची खूण. म्हणजे हे गुप्त कागदसुद्धा त्यांनी मोठ्याने वाचले असणार, कचेरी रिकामी झाल्यावर, एकटीने. प्रखरचा कागद होता, आणि त्याला टाचणीने लावलेला माझा छापील अहवाल. त्याचा कोपरा रिकामा. आणि सगळ्यात तळाशी, पिवळा पडलेला, माझा. जो माझ्यासाठी नव्हता. इंग्रजीतच, पण मराठीत आणलं तर असं: ‘अंजली चटकन शिकते. नकला छान करते, माझीही करते, असं कळलं. चूक कबूल करायला तिला दीड दिवस लागतो. पण करते. म्हणून तिच्यावर काम सोपवायला हरकत नाही.’

त्या वेळी मला रडू आलं. दीड दिवसाची या खेपेला दोन वर्षं झाली होती, आणि ताई बहुतेक शेवटपर्यंत मोजत होत्या की पोरीला जरा जास्त वेळ लागतो आहे, इतकंच. तो विश्वास मी वापरला, स्कॅन करून वापरला. त्यांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती, आणि ती दहा मिनिटांची होती. आता कितीही केलं तरी ती त्यांच्या कानावर पडणार नाही.

सोमवारी सकाळी मी विभागप्रमुखांना लेखी कळवलं, चार वर्षांच्या अहवालांबद्दल. त्याचं काय व्हायचं ते होईल. तिथून सरळ दौलतगंज. जिना तोच. ताईंच्या टेबलापाशी प्रखर होता, खुर्ची रिकामी ठेवून शेजारच्या स्टुलावर बसलेला. मी दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवले. “पढ़ो. ज़ोर से.” त्याने ताईंचा वाचला. ‘माहीत नसलेल्या गोष्टीला हो म्हणतो’ ही ओळ त्याने दोनदा वाचली, मग पुढचं पूर्ण केलं. मग दुसरा. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “पहला उन्होंने लिखा था. दूसरा मैंने. दस्तखत भी मैंने लगाए थे. उनसे कोई गलती नहीं हुई थी, बेटा.” कूलर घरघरत होता. त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, “उन्होंने मुझे बताया क्यों नहीं?” मी म्हटलं, “मेरे बताने की राह देख रही थीं.” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “दो साल, मैडम.” तेवढंच. माफी मी मागितली, पण ती त्याने घेतली की नाही, मला माहीत नाही, आणि ते विचारायचा हक्क माझा नाही.

मी उठायला लागले तर त्याने टेबलावरची यादी उचलली. “रुकिए. कंटेनर आज जाना है. पढ़ने वाला कोई नहीं है.” एक प्रत माझ्या हातात दिली. रिकामी खुर्ची आम्हा दोघांमध्ये होती. मी वाचायला लागले, पेटी क्रमांक एक, लांबी, रुंदी, जाडी, नग. सातवी पेटी मी घाईने उरकली. त्याचं बोट थांबलं. “धीरे, मैडम.” मी सातवी पेटी पुन्हा वाचली. शेवटी त्याने वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक खूण केली, आणि मग सही. ताईंचा अहवाल त्याने आपल्या खणात ठेवला. माझा छापील कागद माझ्याकडे सरकवला. “यह आप रखिए.” तो आता विभागात माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. कोपरा रिकामाच आहे.